अर्ध्या हळकुंडानं पिवळं

‘नमस्कार बाई,
आमचं सांगलीत हळदीचं अडत दुकान आहे. सासऱ्यांना घरात सगळेच दादा म्हणतो, वय ६८. शुगर आहे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या दिवाळीपासून ते ऑनलाइन मागवलेल्या हळदीच्या कॅप्सूल घेतात, दिवसाला दोन. डबीवर “मिरीच्या अर्कासह, २००० टक्के जास्त” असं छापलंय. संध्याकाळची शुगरची गोळी त्यांनी परस्पर बंद केली. काही बोललं की मोबाइल पुढं करतात, “बघ, संशोधन झालंय. परदेशातले लोक आपल्या हळदीला मानतात आणि तू मला शिकवतीस?” डोळ्यांसाठी एक लाल दिवाही आणलाय, सकाळी तीन मिनिटं त्याच्याकडं बघत बसतात. त्यात माझ्या बारावीतल्या मुलानं नवीनच काढलंय. खायचा पिवळा रंग चोळला की कातडी काचेसारखी होते म्हणे, तेही संशोधनच. त्याला ती पूड मागवायचीय. मी बी.कॉम. झालेली. यातलं खरं किती, आणि दादांना न दुखवता सांगू कसं?
— एक सून, सांगली’

सूनबाई,

संशोधनाचं सावकाश बघू. आधी ती संध्याकाळची गोळी. ती आपल्या मनानं बंद करायची नसते, तशी तुम्हीही आपल्या मनानं चालू करू नका, आणि चुकलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दोन एकदम तर मुळीच देऊ नका. या आठवड्यात त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडं न्या. बरोबर शुगरचे अलीकडचे आकडे आणि ती कॅप्सूलची डबी घ्या. डबीच न्या, ‘हळदीचं काहीतरी घेतात’ असं मोघम सांगू नका. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि मिरीचा अर्क एकाच पोटात चाललाय, हे डॉक्टरांना कळायलाच हवं. तोवर कॅप्सूल बंद, जेवणातली हळद चालू. हिरड्यांतून रक्त येतंय का, न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात का, लघवी गडद होतेय का, अंगाला खाज, अन्नावरची वासना गेलीय का, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसतोय का, एवढं बघत राहा. यातलं काहीही दिसलं तर आठवडाही थांबू नका. लिव्हरची रक्ततपासणी करायची का, ते डॉक्टरांना विचारा. हे झालं की मग पुढचं वाचा.

तुमच्या पत्रातलं धादांत खोटं असं काहीच नाही, हीच तर पंचाईत आहे. दादा दाखवतात त्या प्रत्येक निरोपामागं कुठंतरी खरा प्रयोग झालेला असतो. फक्त तो असतो अर्धं हळकुंड, आणि निरोप पाठवणारा त्यावर अख्खा पिवळा झालेला असतो.

हळद बाजारात माझं कधी काही काम नव्हतं. मी चौतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. पण एकदा एका विद्यार्थ्याच्या वडिलांबरोबर सौदे बघायला गेले होते. खरेदीदार पोत्यात हात घालायचा, हळकुंड उचलायचा आणि कट्दिशी मोडायचा. वरच्या पॉलिशकडं बघतसुद्धा नव्हता. आत रंग कसा, गाभा कोरडा आहे का, यावर भाव. दादांनी आयुष्यभर हेच केलं असणार. मग डबीवरचे २००० टक्के आपणही मोडून बघू.

हा आकडा १९९८ सालचा, बंगळूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रयोगातून आलेला. हळदीला पिवळं करणाऱ्या द्रव्याचं नाव कर्क्युमिन. निरोगी माणसांना, तीही हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच, दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं. रक्तात ते जवळजवळ सापडेचना. मग त्याबरोबर मिरीतलं पिपरिन २० मिलिग्रॅम दिलं आणि रक्तातलं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं. म्हणजे वीसएक पट. आता पाच पैशांचे वीसपट केले तर होतो रुपया. वीसपट हे खरं आणि रुपया हेही खरं, पण डबीवर फक्त वीसपट छापतात. शिवाय रक्तात किती पोचलं, एवढंच त्या प्रयोगात मोजलं होतं. त्यानं कुणाची शुगर उतरली की गुडघेदुखी थांबली, हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता.

आणि मिरी हे करते कसं? आतडी आणि लिव्हर हे आपले नाक्यावरचे शिपाई. परका माल आला की त्यावर शिक्का मारून बाहेरची वाट दाखवायची, हे त्यांचं काम. पिपरिन त्या शिपायांना गुंगी आणतं. मग कर्क्युमिन आत सुटतं, पण गुंगीतला शिपाई बाकीच्या गोळ्यांनाही अडवत नाही. रोजचीच गोळी जास्त चढू शकते. आमटीत पडणाऱ्या दोन मिऱ्यांची ही गोष्ट नाही, रोज घेतलेल्या अर्काची आहे. हळदीचंही तसंच. आपल्या हळदीत शंभराला तीन ते पाच भाग कर्क्युमिन असतं. चमचाभर, म्हणजे तीनेक ग्रॅम पूड घेतली तर साधारण शंभर मिलिग्रॅम. बाजारात मिळणाऱ्या कॅप्सूलवर बहुधा ‘५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के’ असं असतं. एक कॅप्सूल म्हणजे साडेचार चमचे हळद झाली, दोन म्हणजे नऊ. नऊ चमचे हळद घातलेली आमटी दादा ताटात घेतील का?

अमेरिकेत औषधांनी लिव्हरला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणारं डॉक्टरांचं जाळं आहे. त्यांनी २०२२ मध्ये हळदीच्या कॅप्सूल-गोळ्यांमुळं लिव्हर बिघडलेले दहा रुग्ण मांडले. पाच जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, एक दगावला. दहातल्या सात जणांत एकच ठरावीक जनुक सापडलं, म्हणजे हे सगळ्यांना होत नाही, काहींच्या अंगातच तो धोका असतो. दहा हा आकडा लहान आहे, मान्य. अशा कॅप्सूल घेणाऱ्या असंख्य लोकांना काहीच होत नाही. पण ऑस्ट्रेलियाच्या औषध खात्यानंही २०२३ मध्ये याच कारणानं इशारा दिला, आणि दादांना तर आधीच चार गोळ्या चालू आहेत. हळदीच्या नादानं डोळे पिवळे व्हायला नकोत.

आता माझ्या आवडीचा भाग. इथं थोडी रेंगाळणार आहे, माफ करा.

दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असेलच. एका काचेच्या पेल्यात थोडं सॅनिटायझर घ्या, त्यात चिमूटभर हळद ढवळा, पूड खाली बसू द्या आणि दुकानातले दिवे मालवून तो पेला त्या दिव्यापुढं धरा. (दिव्यात थेट बघायचं नाही. पोराला सांगा, आणि दादांनाही.) वरचं पिवळं पाणी हिरवट पिवळं झळकायला लागेल, जणू आतूनच पेटलंय. डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश कर्क्युमिन पितं आणि दिसणारा प्रकाश परत सोडतं. दादांना हा प्रयोग जरूर दाखवा. आपल्या मालाचं असं रूप त्यांनीही कधी पाहिलं नसेल.

पण हळदीवरच्या अर्ध्या गोंधळाचं मूळ या चमकेतच आहे. प्रयोगशाळेत नवं औषध शोधताना हजारो द्रव्यं एकेक करून तपासतात. एखादं द्रव्य रोगाशी संबंधित प्रथिनाला चिकटलं का, हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रकाशाची खूण लावतात. चिकटलं की उजेड वाढेल किंवा कमी होईल, आणि यंत्र तो उजेड मोजेल. अशा यंत्रापुढं कर्क्युमिन ठेवलं तर काय होणार? ते स्वतःच प्रकाश पितं, स्वतःच झळकतं. यंत्राला वाटतं, चिकटलं! शिवाय ते कशालाही चिकटतं आणि शरीरात असते तेवढ्या आम्लतेच्या पाण्यात काही मिनिटांत मोडून जातं. म्हणून बशीतल्या पेशींवर ते कॅन्सरचंही औषध, विस्मरणाचंही आणि मधुमेहाचंही. सगळ्यावर चालणारं औषध दिसलं की शास्त्रज्ञानं आधी आपल्या यंत्राकडं बघावं. मिनेसोटा विद्यापीठातल्या कॅथरिन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात हे सगळं मोडून दाखवलं. तोवर माणसांवर कर्क्युमिनच्या शंभराहून अधिक चाचण्या झाल्या होत्या. खरी गोळी कुणाला आणि खोटी कुणाला हे देणाऱ्यालाही माहीत नसतं अशी जी कडक चाचणी असते, तीत ते एकदाही उतरलं नव्हतं, असा त्यांचा निष्कर्ष. आधीच्या ढिगाऱ्यातलं काही तर नुसतं चुकीचं नव्हे, कर्क्युमिनवरच्या एका नामवंत संशोधकाचे अनेक निबंध नियतकालिकांना मागे घ्यावे लागले.

म्हणजे हळद टाकाऊ का? तसं नाही. थायलंडमध्ये २०६ जणांवर अपचनाची चाचणी झाली, २०२३ मध्ये छापून आली. काहींना कर्क्युमिन, काहींना आपण सकाळी उपाशीपोटी घेतो ती पित्ताची गोळी ओमेप्रझोल, काहींना दोन्ही. सगळ्या गटांना सारखाच आराम पडला. हे मला बरं वाटलं. पण मोडून बघितलं तर आत एक भेग आहे. ज्याला दोन्हींतलं काहीच दिलं नाही असा गट त्यात नव्हता, आणि पोट हा अवयव असा की नुसतं ‘औषध दिलंय’ म्हटलं तरी अनेकदा निवतो. शेवटपर्यंत टिकले ते १५१ जण. तेव्हा अर्धं हळकुंड, पण चांगल्या मालाचं. पुढं बघायचं.

दादा बहुधा हळदीच्या पेटंटचा दाखलाही देतील, सांगलीतले सगळेच देतात. अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाला हळदीनं जखम भरण्याचं पेटंट मिळालं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. अभिमानाचीच गोष्ट. पण तो खटला होता ‘हे आम्हाला आधीपासून माहीत आहे’ याचा. हळदीनं जखम किती लवकर भरते, ते तिथं कुणी मोजत नव्हतं. खटला जिंकला म्हणजे गुण सिद्ध झाला असं होत नाही. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचंही तसंच. ते मालाच्या ओळखीचं, औषधीपणाचं नव्हे.

लाल दिव्याचं थोडक्यात. लंडनमध्ये २०२० साली ६७० नॅनोमीटरच्या गडद लाल प्रकाशाचा प्रयोग झाला, रोज तीन मिनिटं, दोन आठवडे. चाळिशीपुढच्यांची रंगांमधला फरक ओळखण्याची ताकद थोडी वाढली. माणसं एकूण २४. दादांचा दिवा त्याच रंगाचा आणि तेवढ्याच तेजाचा आहे, हे कुणी मोजलंय? चीनमध्ये मुलांचा चष्म्याचा नंबर रोखायला असाच लाल प्रकाश वापरतात. तिथं एका बारा वर्षांच्या मुलीच्या डोळ्याच्या पडद्याला त्यानं इजा झाल्याची नोंद २०२३ मध्ये आली, आणि सरकारनं ती यंत्रं सर्वांत कडक वर्गात टाकली. दिवा माळ्यावर ठेवा. त्याऐवजी शुगर असलेल्या माणसाचा डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासायचा असतो, ते करा. लागलं तर डॉक्टर ओसीटी नावाची तपासणी करतील. त्यात डोळ्यात सोडलेला प्रकाश परत कसा येतो यावरून पडद्याचे थर, कांद्याचे पापुद्रे दिसावेत तसे, न कापता दिसतात. ही युक्ती १९९१ मध्ये अमेरिकेत निघाली आणि आता मिरजेला बसनं जाऊन करून घेता येते. डोळ्यात प्रकाश सोडायची हौसच असेल तर ती अशी भागवावी.

आता दादांशी बोलायचं कसं. तुम्ही त्यांना मोबाइलवरचं खोडून दाखवायला गेलात तर ते आणखी दहा निरोप काढतील, आणि ते दहाही खरेच निघतील. त्यापेक्षा एक गोष्ट सांगा, ती त्यांच्याच धंद्यातली आहे.

बांगलादेशात १९८० च्या दशकात मोठा पूर आला. हळद भिजली, काळवंडली. मग पॉलिश करणाऱ्यांनी रंग उठावा म्हणून त्यात लेड क्रोमेट मिसळायला सुरुवात केली. शिशाचा पिवळा रंग तो, रंगकामातला. पूर ओसरला तरी सवय राहिली, कारण गिऱ्हाइकाला तोच झगझगीत पिवळा आवडायला लागला. शिसं मुलांच्या मेंदूला किती वाईट, हे तुम्हाला सांगायला नको. स्टॅनफर्डच्या आणि तिथल्या संशोधकांनी माग काढत काढत २०१९ मध्ये हे छापलं. आधी गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं, मग त्यांच्या घरातली हळद, मग बाजार, मग गिरण्या. बाजारात हातात धरायचं एक यंत्र घेऊन गेले, ते पुडीवर क्ष-किरण टाकतं आणि परत येणाऱ्या किरणांवरून शिसं आहे की नाही सांगतं. सरकारनं छापे टाकले, दंड केले, लोकांना सांगितलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात नाही. हळदीवरचं मी वाचलेलं सगळ्यात अस्सल संशोधन हे, आणि त्यात कॅप्सूल कुठंच नाही.

हे सांगून झालं की दादांना विचारा, आपल्याकडं २००५ ला पाणी आलं, हरिपूरच्या पेवांत शिरलं, २०१९ ला परत आलं, तेव्हा भिजलेल्या मालाचं काय व्हायचं? नुसत्या नजरेनं भेसळ कशी ओळखायची? त्यांना बोलू द्या. तासभर बोलतील. तुम्ही बी.कॉम. आणि ते तीस-चाळीस वर्षं पोत्यात हात घातलेले, त्या क्षणी शिकवणारे तेच. मग जाता जाता डबी पुढं करा आणि विचारा, ‘दादा, यातली हळद कुठली असेल हो? राजापुरी, सेलम? कुणी मोडून बघितली असेल?’ त्यावर उत्तर द्यायची घाई करू नका. चहा टाकायला आत जा.

‘पण घरची हळद तर चालते ना?’ असं ते म्हणतील. चालते म्हणा. भाजीत, आमटीत, रात्री दुधात चिमूटभर. हळकुंडं घरची असताना बाहेरची पूड आणायचीच कशाला, दळून घ्या. हा मान त्यांचा त्यांना परत मिळाला की डबी हातातून सुटणं सोपं जाईल. नाहीच सुटली तर ‘बंद करा’ हे डॉक्टरांच्या तोंडून निघू द्या. वाईटपणा त्यांच्याकडं जाऊ दे, त्यासाठीही आपण फी देतो.

राहिलं पोरगं. त्याच्यावर रागावू नका, त्यानं यातलं सगळ्यात सुंदर संशोधन शोधलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी जिवंत उंदराच्या कातडीवर टार्ट्राझिनचं पाणी चोळलं. खाऊच्या पाकिटावर १०२ असा आकडा असतो तोच हा पिवळा रंग. काही मिनिटांत पोटावरच्या कातडीतून आतडी हलताना दिसायला लागली, डोक्यावर लावलं तर रक्तवाहिन्या दिसल्या. धुतलं की पुन्हा पहिल्यासारखं.

कारण त्याला असं सांगा. भडंगाच्या पुडीचा कागद बघितलास ना? तेल लागलं तिथं कागद आरपार दिसतो. तेलानं कागद पातळ केला नाही. कागदाचे धागे आणि मधली हवा यांत प्रकाश वेगवेगळा वळतो, म्हणून तो विखुरतो आणि कागद पांढरा दिसतो. हवेच्या जागी तेल भरलं, ते धाग्यांइतकंच प्रकाश वळवतं, विखुरणं थांबलं. कातडीत धाग्यांच्या जागी चरबी आणि प्रथिनं, आणि हवेच्या जागी पाणी. टार्ट्राझिन निळा प्रकाश जबरदस्त पितं, आणि जो पदार्थ एका रंगाचा प्रकाश असा पितो तो त्याच्यापेक्षा लालकडच्या रंगांना जास्त वळवायला लागतो. हा नियम क्रेमर्स आणि क्रोनिग यांनी १९२० च्या दशकातच मांडून ठेवलाय. त्यामुळं रंगाचं पाणी लाल प्रकाशाला चरबीइतकंच वळवतं आणि कातडी लालसर आरपार होते. रंग घातल्यावर वस्तू पारदर्शक व्हावी, हे मी वर्गात सांगितलं असतं तर पोरं हसली असती.

पण तो उंदीर होता. माणसाची कातडी त्याच्यापेक्षा कितीतरी जाड, आणि वापरलेलं पाणी खाऊतल्या रंगाच्या कैक पट दाट. माणसावर करू नका, असं करणाऱ्यांनीच सांगितलंय. तेव्हा पूड मागवायची नाही. त्याऐवजी कॉलेजच्या लॅबमधून बोरोसिलिकेटची काचकांडी मागून आण म्हणावं, पेल्यात शेंगतेल घे आणि कांडी आत बुडव. बुडालेला भाग जवळजवळ दिसेनासा होतो, कागदाचंच गणित आहे ते. फक्त लॅबमधली कांडी बुडवलेलं तेल परत बरणीत ओतू नका, देवापुढच्या दिव्याला वापरा.